विश्लेषण : ‘ॲडव्हेंचर’ बाइकला बटन टायर हवेतच का? जव्हार-मोखाड्याचा ओला घाट काय सांगतो?

जूनमधला पहिला जोरदार पाऊस होऊन गेला की शनिवार-रविवारी मनोरहून विक्रमगडकडे वळणाऱ्या मोटारसायकलींची रांग लागते. दाभोसा, काळमांडवी, हिरडपाडा येथील धबधबे, सूर्यमाळचे पठार आणि खोडाळ्याचा झाडीतून जाणारा रस्ता मुंबई, ठाणे आणि नाशिक या तिन्ही बाजूंनी एका दिवसात पाहून होतो. या रांगेत अलीकडे ‘ॲडव्हेंचर टुरिंग’ प्रकारच्या बाइक ठळकपणे दिसतात. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये आली, हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये, केटीएमची ३९० ॲडव्हेंचर २०२० मध्ये आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २०२२ मध्ये. म्हणजे यातल्या बऱ्याच गाड्या आता दुसऱ्या किंवा तिसऱ्या टायर-जोडीवर आल्या आहेत. टायरच्या दुकानात अशा गाडीचा मालक पहिला प्रश्न विचारतो, ‘बटन टायर टाकू का?’ मोठमोठे चौकोनी गोटे असलेल्या या टायरने गाडी रांगडी दिसते हे खरे. पण जव्हार-मोखाड्यासारख्या भागात, तेही पावसाळ्यात, हा निर्णय दिसण्यावर सोपवण्याजोगा नाही.

जव्हार-मोखाड्याचे रस्ते टायरकडून काय मागतात?

ठाण्याहून मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, खोडाळा करत कसाऱ्याला उतरून परत यायचे, ही अनेकांची आवडती फेरी. अंतर साधारण पावणेतीनशे ते तीनशे किमी. त्याचे तुकडे पाडून पाहिले तर मनोरपर्यंत मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि कसाऱ्यापासून पुढे मुंबई-नाशिक महामार्ग यातच निम्म्याहून अधिक प्रवास होतो. मधला भाग घाटाचा. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. विक्रमगडहून वर चढताना आणि मोखाड्याहून तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वरकडे जाताना वळणे लागोपाठ येतात. हा सगळा रस्ता डांबराचा किंवा काँक्रीटचा, काही ठिकाणी उखडलेला. खरी माती आणि खडी लागते ती धबधब्याकडे किंवा एखाद्या पाड्याकडे वळल्यावर. दिवसभरात ती दहा-पंधरा किमीच्या पुढे क्वचितच जाते. तीनशेपैकी पंधरा हे प्रमाण टायर निवडताना लक्षात ठेवायला हवे.

मात्र या डांबरी रस्त्याची निसरड दर महिन्याला वेगळी असते. जूनच्या पहिल्या सरींत उन्हाळ्याभरची धूळ, रबराची भुकटी आणि सांडलेले डिझेल-ऑइल पाण्याबरोबर वर येते. पुरेसा पाऊस पडून ते धुऊन जाईपर्यंत वळणांवर साबणासारखा थर असतो. जुलैत भाताची आवणी सुरू होते. चिखलणी करून खाचरातून रस्त्यावर चढणारा ट्रॅक्टर चाकाबरोबर चिखलाचे लपके आणतो आणि नेमके वळणापलीकडे टाकून जातो. ऑगस्टपर्यंत खोडाळा-सूर्यमाळ बाजूच्या झाडीखालच्या, कमी वाहतुकीच्या रस्त्यांवर कडेला आणि मधोमध हिरवे शेवाळ धरते. चाकांच्या दोन पट्ट्या तेवढ्या काळ्या राहतात. याशिवाय दरडीची माती, पाण्याने भरलेले आणि म्हणून खोली न कळणारे खड्डे, धुक्यातून अचानक पुढे येणारी एसटी आणि रस्त्यावर बसलेली गुरे आहेतच.

याच रस्त्यांवरून इथले शिक्षक, आरोग्य कर्मचारी आणि दुकानदार शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर, साध्या टायरवर, बारा महिने जा-ये करतात. त्यांचा वेग बेताचा असतो आणि कुठल्या वळणाला पाणी वाहते हे त्यांना पाठ असते. बाहेरून येणाऱ्याकडे या दोन्ही गोष्टी नसतात आणि गाडी दुप्पट वजनाची असते. पडल्यावर पुढचा प्रवासही सोपा नाही. जव्हारला कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, पण गंभीर जखमीला बहुधा नाशिकला हलवावे लागते. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किमी आणि तेही घाटातून. पाड्यांकडच्या रस्त्यांवर मोबाइलचे नेटवर्क असेलच असे नाही.

८०-२०, ५०-५० म्हणजे काय?

ॲडव्हेंचर टायर विकताना असे आकडे सांगितले जातात. ८०-२० म्हणजे ८० टक्के डांबर आणि २० टक्के माती अशा वापरासाठी. ५०-५० म्हणजे दोन्हीला समान. उदाहरणार्थ, कॉन्टिनेंटलचा टीकेसी ७० हा रस्त्याकडे झुकणारा टायर मानला जातो, तर त्याच कंपनीचा टीकेसी ८० हा मोठ्या गोट्यांचा, मातीकडे झुकणारा. नावातला आकडा मोठा म्हणून रस्त्यासाठी अधिक चांगला, असे इथे नाही. एकूण हे प्रमाण कुठल्याही सरकारी चाचणीतून आलेले नसते. ती कंपनीची स्वतःची वर्णनपद्धत आहे. त्यामुळे एका कंपनीचा ५०-५० आणि दुसरीचा ५०-५० यांच्यात बरेच अंतर असू शकते.

आपल्या गेल्या वर्षभरातल्या किमींचा हिशेब मांडणे अधिक उपयोगाचे. रोज कार्यालयात जाणे, महिन्याला एक महामार्गाची फेरी आणि वर्षातून दोनदा कच्चा रस्ता असा वापर असेल तर तो ९०-१० आहे, गाडीच्या टाकीवर काहीही रंगवलेले असो.

ओल्या रस्त्यावर पकड कशामुळे येते?

टायरची नक्षी जितकी खोल आणि रुंद तितकी पावसात पकड चांगली, ही समजूत अर्धीच खरी आहे. महामार्गावर पाणी साचलेले असते आणि वेग जास्त असतो. तिथे टायरखालचे पाणी बाजूला फेकायला खाचा लागतात. ते पाणी वेळेत बाहेर गेले नाही तर टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि हँडल हलके पडते. घाटात वेग तीस-चाळीसचा असतो. तिथे पाण्याचा पातळ थर फोडून रबराने डांबराच्या खडबडीतपणात रुतायचे असते. हे काम मुख्यतः रबराचे मिश्रण आणि प्रत्यक्ष टेकलेले क्षेत्रफळ करते. बटन टायरमध्ये गोट्यांच्या मधली रिकामी जागा मोठी असते, म्हणून कडक पृष्ठभागावर टेकणारे रबर कमी. शिवाय उंच गोटे ब्रेक लावताना आणि गाडी झुकवताना वाकतात. स्वाराला ते हँडलमध्ये किंचित वळवळल्यासारखे जाणवते. कोरड्या रस्त्यावर त्याची सवय होते, पण शेवाळावर किंवा काँक्रीटवर ती वळवळ नको तेव्हा येते.

याचा अर्थ गोट्यांचे सगळेच टायर ओल्यात वाईट, असा नाही. चांगल्या कंपन्या रबरात सिलिका मिसळतात, त्याने थंड आणि ओल्या रस्त्यावर रबर मऊ राहते. मधल्या पट्ट्यात गोटे जवळजवळ बसवून टेकणारे क्षेत्र वाढवलेले टायरही मिळतात. स्वस्त बटन टायरमध्ये मात्र मिश्रण बहुधा टिकाऊपणासाठी कडक ठेवलेले असते, आणि कडक रबर, कमी क्षेत्रफळ व ओला घाट हे तिन्ही एकत्र आले तर निसरड ठरलेलीच.

चिखलाचीही एक गंमत आहे. गोट्यांचे टायर चिखलात चालतात ते गोट्यांमधला चिखल चाक फिरताना बाहेर फेकला गेला तर. खाचरातली चिकट माती अशी फेकली जात नाही. ती गोट्यांत बसते, पुढच्या मडगार्डखाली अडकते आणि थोड्या वेळात कोणताही टायर गुळगुळीत होतो. तिथे ५०-५० टायर घातलेली दोनशे किलोची गाडी आणि साध्या टायरची शंभर किलोची गाडी यांत दुसरीचीच बाजू वरचढ असते, कारण ती दोघांनी उचलून बाहेर काढता येते.

ओल्या पकडीचे रेटिंग टायरवर असते का?

मोटारसायकलच्या टायरवर नसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये टायरसाठी घर्षणरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांचे निकष लागू करणारी अधिसूचना काढली. पण ती सी-१, सी-२ आणि सी-३ या वर्गांसाठी, म्हणजे मोटारी, हलकी व्यावसायिक वाहने आणि ट्रक-बस यांच्यासाठी आहे. दुचाकी त्यात नाही. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्यालाच ओल्या पकडीची सर्वाधिक गरज, आणि नियमांत नेमका तोच बाहेर, हे विसंगत आहे.

दुचाकीच्या टायरला आयएसआय चिन्ह मात्र बंधनकारक आहे. त्यासाठी आयएस १५६२७ हे मानक आहे. त्यात माप, भार आणि टिकाऊपणाच्या किमान अटी येतात. पावसात कोणता टायर जास्त धरतो हे त्या चिन्हावरून कळत नाही. म्हणून ग्राहकाला अनुभवावर विसंबावे लागते आणि अनुभव विचारताना तो कुठला, हे विचारावे लागते. लडाखच्या कोरड्या खडीवर नावाजलेला टायर सह्याद्रीच्या पावसाबद्दल फारसे सांगत नाही. गुजरातच्या सरळ महामार्गावर वीस हजार किमी टिकलेला टायरही नाही. उलट इतका टिकला म्हणजे रबर कडक असावे, अशी शंका घ्यायला जागा आहे.

टायरच्या बाजूवरचे आकडे कसे वाचायचे?

जुन्या, ४११ सीसीच्या हिमालयनच्या मागच्या टायरवर १२०/९०-१७ असे लिहिलेले असते. टायरची रुंदी १२० मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे १०८ मिमी आणि रिमचा व्यास १७ इंच. पुढचे माप ९०/९०-२१. एक्सपल्स २००ला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८ लागतो. २०२०च्या ३९० ॲडव्हेंचरला पुढे १००/९०-१९ आणि मागे १३०/८०-१७. व्ही-स्ट्रॉम एसएक्सला पुढे १००/९०-१९ आणि मागे १४०/७०-१७. पुढचे चाक जितके मोठे तितके ते खड्ड्याच्या काठावर सहज चढते, म्हणून या गाड्यांना १९ किंवा २१ इंची पुढचे चाक असते. तोटा असा की २१ इंची टायर प्रत्येक दुकानात नसतो.

मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ६४ एस. याकडे फार कमी लोक पाहतात. ६४ हा भारांक, म्हणजे त्या टायरवर योग्य हवेत कमाल २८० किलो भार चालतो. एस म्हणजे ताशी १८० किमीपर्यंतचा वेग. ५८ भारांकाला ही मर्यादा २३६ किलोवर येते. हिशेब करून पाहा. बीएस-६ हिमालयनचे वजन १९९ किलो. स्वार आणि मागे बसणारा मिळून १४० आणि सामान ३० धरले तर ३६९ किलो झाले. मागे माणूस आणि सामान असताना यातला मोठा वाटा मागच्या चाकावर येतो. ६० ते ६५ टक्के धरला तर २२० ते २४० किलो. ६४ भारांकाला पुरेशी उसंत आहे, ५८ला नाही. माप बसले म्हणून स्वस्तातला कमी भारांकाचा टायर घेणे जोडीने फिरणाऱ्यांना धोक्याचे, कारण खड्ड्यात आदळताना तो भार क्षणभर कितीतरी वाढतो.

एक माप मोठा टायर टाकावा का?

दुकानदार हे हमखास सुचवतात. १२०/९०-१७ ऐवजी १३०/८०-१७ घेतला तर रुंदी १० मिमीने वाढते, पण भिंत १०४ मिमीची होते आणि एकूण व्यास साधारण ६४८ मिमीवरून ६४० मिमीवर येतो. फरक सव्वा टक्क्याचा. गाडी फिरवायला तो मोठा नाही, मात्र रुंद टायर चेन, स्विंगआर्म किंवा मडगार्डला घासतो का हे चाक हाताने फिरवून आणि मागे दोन माणसे बसवून पाहायला हवे. चिखल साचल्यावर ती फट आणखी कमी होते. रिमच्या रुंदीपेक्षा फार रुंद टायर बसवला तर तो दोन्ही काठांनी आत ओढला जातो, माथा गोल होतो आणि टेकणारे क्षेत्र वाढण्याऐवजी कमी होते. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच जाते.

कायद्याचा मुद्दाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. अपघातानंतर विमा कंपनीने टायरचे माप काढून वाद घातला तर तो ग्राहकालाच निस्तरावा लागतो. मूळ माप किंवा कंपनीने पुस्तिकेत दिलेले पर्यायी माप, एवढ्यावर थांबणे शहाणपणाचे.

पंक्चर झाले तर?

टायर निवडण्याच्या चर्चेत हा प्रश्न शेवटी येतो. जव्हार-मोखाड्यापुरता तो खरे तर पहिला असायला हवा.

४११ हिमालयन आणि एक्सपल्स २०० यांना तारांची चाके आणि ट्यूबचे टायर आहेत. खिळा घुसला की ट्यूब फाटून हवा झटक्यात जाऊ शकते. दुरुस्तीसाठी चाक काढायचे, टायरचा काठ रिमवरून सोडवायचा, ट्यूब बाहेर काढून पॅच लावायचा आणि पुन्हा सगळे बसवायचे. जव्हार किंवा मोखाडा गावात पंक्चर काढणारा मिळेल. पण सूर्यमाळच्या रस्त्यावर संध्याकाळी पाच वाजता मिळणार नाही. आणि मिळाला तरी त्याच्याकडे स्थानिक गाड्यांच्या १७-१८ इंची ट्यूब असतात, २१ इंची असेलच असे नाही. म्हणून अशा गाडीवाल्याने पुढच्या मापाची ट्यूब स्वतःजवळ ठेवावी. अडचणीत ती मागच्या चाकातही तात्पुरती भरता येते. उलटे जमत नाही. सोबत दोन टायर लिव्हर, ॲक्सलच्या मापाचा पाना आणि छोटा पंप लागतो. या सगळ्याचा घरी अंगणात एकदा सराव केलेला असावा. चाक पहिल्यांदा भर पावसात उघडणाऱ्याची लिव्हरने नवी ट्यूब चिमटण्याची शक्यता मोठी असते.

३९० ॲडव्हेंचरचे २०२०चे मॉडेल आणि व्ही-स्ट्रॉम एसएक्स यांना ॲलॉय चाके आणि ट्यूबलेस टायर. खिळा रुतूनही हवा हळूहळू जाते, स्ट्रिप लावून दहा-पंधरा मिनिटांत काम होते. पण बाजूच्या भिंतीला चीर गेली तर स्ट्रिप चालत नाही, आणि पाण्याखालच्या खड्ड्यात ॲलॉयचा काठ चेपला तर हवा तिथूनच निसटते. तारांचे रिम वाकते, ठोकून सरळ करता येते. ॲलॉय तडकू शकते. ट्यूबलेसवाल्यांनीही एक ट्यूब बाळगण्याचे कारण हेच. चेपलेल्या चाकात ट्यूब टाकून हळूहळू नाशिक किंवा मनोर गाठता येते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या हिमालयन ४५०ला सुरुवातीला ट्यूबचेच टायर होते, नंतर २०२४ मध्ये कंपनीने ट्यूबलेस चालणारी तारांची चाके उपलब्ध केली. हा पर्याय खर्चिक, पण या भागासाठी सर्वांत सोयीचा. साध्या तारांच्या रिमला ट्यूबशिवाय टायर बसवता येत नाही, कारण तारांच्या भोकांतून हवा जाते. टेप आणि सीलंट लावून ती भोके बुजवून देणारे काही जण आहेत. घाटात वळणावर ती टेप सुटली तर काय, याचे उत्तर देणाऱ्याकडूनच ते काम करून घ्यावे.

टायर निवडीशी याचा संबंध असा. ‘टीएल’ लिहिलेला ट्यूबलेस टायर ट्यूब घालून वापरता येतो, पण त्याचा काठ रिमला घट्ट बसतो आणि रस्त्यात हाताने सोडवणे अवघड जाते. स्वतः पंक्चर काढणाऱ्याने दुकानातच विचारावे, ‘याचा काठ लिव्हरने सुटतो का?’ जाड, कडक भिंतीचा टायर कमी पंक्चर होतो आणि झालाच तर जास्त छळतो.

देशी टायर घ्यावे की परदेशी?

जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले आणि त्यात मोटारसायकलचे टायरही आले. त्यानंतर परदेशी टायर परवान्यानेच येतात. मिळतात, पण हवे ते माप हव्या त्या महिन्यात मिळेलच असे नाही. दुसऱ्या बाजूला एमआरएफ, सिएट, अपोलो आणि टीव्हीएस युरोग्रिप या देशी कंपन्यांनी १९ आणि २१ इंची चाकांसाठी टायर काढले आहेत. वर्षाला आठ-दहा हजार किमी फिरणाऱ्याला या कंपन्यांचा रस्त्याकडे झुकणारा टायर पुरतो. त्याचे सर्वांत मोठे बळ असे की तो फाटला तर नाशिकमध्ये बदली टायर मिळण्याची शक्यता जास्त असते.

खर्चाकडे प्रति किमी पाहावे. समजा पाच हजार रुपयांचा मागचा टायर १२ हजार किमी चालला, तर किमीला सुमारे ४२ पैसे पडतात. साडेसहा हजारांचा मऊ गोट्यांचा टायर साडेसहा हजार किमीत संपला, तर किमीला एक रुपया. महामार्गाचे काँक्रीट आणि मे महिन्याची उष्णता मऊ गोटे झपाट्याने खातात, हे त्यात धरावे. टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हा त्यातल्या त्यात दिलासा. त्याच दिवसापासून ३५० सीसीवरील मोटारसायकलींवर ४० टक्के कर लागू झाला. म्हणजे नवी मोठी गाडी घेण्यापेक्षा जुनीला चांगले टायर घालणे आणखी परवडते.

पुढचा आणि मागचा वेगळ्या प्रकारचा चालतो का?

कंपन्या एकाच प्रकारची जोडी वापरायला सांगतात आणि ते योग्यच आहे. पण मागचा टायर पुढच्याच्या आधी झिजतो, त्यामुळे व्यवहारात मिसळ होतेच. तेव्हा एक क्रम पाळावा. ओल्यात मागचे चाक घसरले तर सावरायला थोडा वेळ मिळतो. पुढचे घसरले तर बहुतेकदा माणूस खालीच असतो. उतारावर ब्रेकचा बहुतांश भार पुढच्या चाकावर येतो. एबीएस चाक अडकू देत नाही, पण नसलेली पकड निर्माण करत नाही. म्हणून चांगल्या रबराचा, न झिजलेला टायर पुढे हवा. पैसे वाचवायचेच तर मागे वाचवावेत.

टायर कधी बदलावा?

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी त्या पातळीला आली की टायर संपला. पावसाळी घाटासाठी मात्र तिथपर्यंत थांबू नये. मे अखेरीस उंचवट्याच्या वर जेमतेम मिमीभर उरले असेल तर तो टायर सप्टेंबरनंतरच्या शहरी वापराला ठेवावा आणि नवा आत्ताच घ्यावा. महामार्गावर जास्त चाललेल्या गाडीचा मागचा टायर मधोमध सपाट होतो. अशी गाडी झुकवताना आधी अडते आणि मग एकदम पडल्यासारखी वळते. तोरंगणच्या वळणांवर हे चांगलेच जाणवते. पुढच्या टायरचे गोटे एका बाजूने झिजून करवतीसारखे झाले तर हवेचे प्रमाण किंवा सस्पेन्शन तपासावे.

वर्षातून चारदा बाहेर निघणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, वाळतो. बाजूवर कोरलेला चार अंकी आकडा पाहावा. ‘२३२५’ म्हणजे २०२५च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षांनंतर दरवर्षी बारीक तडे तपासावेत आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी टायर काढून टाकावा, असे मोठे उत्पादक सांगतात. नवा म्हणून विकलेला टायर दुकानात तीन वर्षे पडून असू शकतो. हा आकडा बसवण्याआधी पाहावा, नंतर पाहून उपयोग नसतो. रिमोल्ड केलेल्या टायरचा या घाटात विचारही करू नये.

बसवताना आणि बसवल्यावर काय?

टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. उलटा बसवला तर खाचा पाणी बाहेर फेकण्याऐवजी आत ओढतात. ट्यूबच्या टायरबरोबर ट्यूब आणि रिमवरची रबरी पट्टीही नवी घालावी. जुन्या ट्यूबला पडलेली घडी नव्या टायरमध्ये नेमकी फाटते. वजन लावून चाक संतुलित करून घ्यावे. मोठ्या गोट्यांच्या टायरला तर नक्कीच, नाहीतर महामार्गावर हँडल थरथरते.

हवा पुस्तिकेप्रमाणे, एकट्यासाठी वेगळी आणि जोडीसाठी वेगळी, आणि ती टायर थंड असताना मोजलेली. मनोरपर्यंत तासभर महामार्गावर आल्यावर टायर तापून आकडा वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये. मातीत पकड यावी म्हणून काही जण हवा कमी करतात आणि पुन्हा डांबरावर आल्यावर भरायला विसरतात. ट्यूबच्या चाकात याचा परिणाम वाईट होतो. टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व मुळाशी फाटतो. त्याला पॅच लागत नाही. पंधरा किमीच्या कच्च्या रस्त्यासाठी हवेशी खेळायचे असेल तर स्वतःचा गेज आणि पंप जवळ असायला हवा. पंपावरचा काटा दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे दाखवतो, हे नेहमीचे.

कारखान्यातून आलेल्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तो घासला जाऊन खरे रबर उघडे पडायला साधारण दीडशे किमी लागतात. तोवर जोराचा ब्रेक आणि खोल झुकणे टाळायचे असते. शुक्रवारी संध्याकाळी टायर बसवून शनिवारी पहाटे पावसात विक्रमगडचा घाट चढायचा बेत असेल, तर ठाणे-मनोर अंतर त्या दीडशेच्या निम्मेच भरते. शिवाय सरळ महामार्गावर टायरचा मधला भाग घासला जातो, घाटात लागणाऱ्या कडा नव्याच राहतात. टायर आठवडाभर आधी घालून गाडी रोजच्या कामाला, वळणावळणाच्या रस्त्याने वापरावी आणि शक्यतो कोरड्या दिवसांत.